दोन पाकळ्यांची झडप

हडपसर, २ ऑगस्ट २०२५

जयसिंग,

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, हे मला आमच्या चिरंजीवांनी समजावून सांगितलं, नाहीतर मी आपली रेंजला दोष देत बसले होते. शेवटी कॅम्पात जाऊन तुझ्या मेहुण्याकडे, कल्याणीच्या राकेशकडे, तुझा नाशिकचा पत्ता मागितला. त्याने चहा दिला, पत्ता दिला आणि "तुमच्या घरून पहिल्यांदाच कोणी विचारला," असं अगदी शांतपणे सांगितलं. एखाद्याचा अपमान करावा तर असा.

ख्यालीखुशाली विचारत नाही. राकेशने तुझे फोटो दाखवले. शर्यतीत पळतोस, गळ्यात पदकं घालून उभा राहतोस. ते पाहूनच हे लिहितेय.

माझ्या हृदयाच्या झडपेत जन्मापासूनचा दोष निघालाय. हृदयातून मोठ्या धमनीत रक्त जातं त्या तोंडाशी ही झडप असते. सगळ्यांना तिच्या तीन पाकळ्या असतात, मला दोनच. बेचाळीस वर्षं दोन पाकळ्यांवर संसार, नोकरी, दोन बाळंतपणं उरकली आणि कोणाला पत्ता नाही. आता ती झडप जाड होऊन नीट उघडत नाही आणि तिच्या वरची धमनी थोडी रुंद झालीय.

हे कळायला वर्ष गेलं. शाळेत नववी ब तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापाशी छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. आमच्याकडचं मत पडलं, ॲसिडिटी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी न लावताच गुलाबी औषधाची बाटली दिली. आई म्हणाली, "चिडतीस लई, त्यानं व्हतं." मुख्याध्यापिकाबाईंनी प्राणायाम सुचवला. पुरुषाच्या छातीत दुखलं तर रिक्षा थांबवतात आणि बाईच्या दुखलं तर ओवा देतात. एकदा वाघोलीच्या बसमध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, कंडक्टरने सरळ दवाखान्यात उतरवलं, तेव्हा कुठे इको झाला.

आता मुद्दा. हा दोष घराण्यात असू शकतो. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय की आई, सख्खा भाऊ आणि माझी मुलं, प्रत्येकाचा एकदा इको झालाच पाहिजे. पोटावर जेल लावून बाळ बघतात तसाच प्रकार, छातीवर. दुखत नाही. तू पळतोस. जोरात पळतोस. तो होईपर्यंत पळणं बंद कर.

त्यांनी मला आणखी एक विचारलं. "घरात कोणी अचानक गेलंय का?"

मी म्हटलं, "वडील. छप्पन्नाव्या वर्षी. उभ्या उभ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांचा इको कधी झाला होता?"

जयसिंग, कोणी केला होता अण्णांचा इको? आपण तर पोस्टमॉर्टेमही केलं नाही. आपल्याला कारण आधीच माहीत होतं ना. पोरगा बौद्धांची मुलगी करतो म्हणाला, बाप ओसरीवर भांडताना कोसळला, पोराने बाप मारला. गावाने निकाल दिला आणि सगळे आंघोळीला गेले.

इको करून घे. बाकीचं भांडण नंतर.

शेफालीताई


हडपसर, १७ ऑगस्ट २०२५

जयसिंग,

पाकीट परत आलं. वर पोस्टमनच्या अक्षरात "घेण्यास नकार". वा. तेच पत्र ह्या पत्राबरोबर कल्याणीच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. तिला नकार देता येत नाही, शाळेची डाक असते.

नाकारलंस त्याचा राग आला, पण कशासाठी नाकारलंस ते मला कळतं. तुला वाटतं, अण्णांनीच तुला बाहेर काढलं. विक्रमकाकांनी तुला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "अण्णाची इच्छा हाय, तू उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." दहाव्याला तू तिथे नव्हतास. तुला येऊ दिलं नव्हतं, अग्नीसुद्धा विक्रमकाकांनी दिला. मग ऐक, ती इच्छा कशी कळली ते.

नदीकाठी मांडव. अण्णांचा फोटो असलेला फ्लेक्स, खाली माजी आजी भावी सगळे. प्रवचन झालं, मग पाच पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली, त्यातल्या दोघांना अण्णांचं नाव नीट आठवेना. ऊन चढलं. पिंड ठेवला, आणि कावळा येईना. पलीकडच्या निलगिरीवर चार बसलेले, पण खाली एक उतरेल तर शपथ. लोक पानाभोवती कोंडाळं करून उभे. मग सुरू झाली वचनं. कोणी म्हणालं, "अण्णा, गोठा मोडणार न्हाई." नाही आला. "शेफालीचं बाळंतपण नीट करू." नाही आला. मग आईसाठी, "आनंदीबाईला अंतर देणार न्हाई." गुरुजी घड्याळ बघताहेत, त्यांना मांजरी गावात दुसरा दहावा होता. दर्भाचा कावळा करायची तयारी चालली होती.

तेवढ्यात विक्रमकाका मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर उभे राहिले आणि गरजले, "अण्णा, त्या जयसिंगाला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई! जा आता सुखानं!" आणि कावळा उतरला. लोकांनी हात जोडले. बायका रडल्या. आई खाली बसली.

मी पानापासून चार हातांवर होते, आठवा महिना, म्हणून मला खुर्ची दिलेली. मी काय पाहिलं ते सांगते. काका ओरडले तशी सगळी गर्दी वळली आणि त्यांच्याकडे सरकली, काय बोलतात ते ऐकायला. पानाजवळ कोणी उरलं नाही. कावळ्याला जागा मिळाली, तो आला, भात खाल्ला, गेला. काकांनी त्या क्षणी "शेंगदाणे महाग झाले" असं ओरडलं असतं तरी तो आला असता.

तेव्हा हे मी बोलले होते. घरी येऊन बोलले, सगळ्यांसमोर. मला सांगितलं, पोटुशी बाईने असलं बोलू नये. तुला सांगायला फोन केला तर तू "अण्णांचं नाव माझ्यापुढे काढू नकोस" म्हणून ठेवून दिलास. मग मीही हट्टाला पेटले.

आणि गोठ्याचं काय झालं विचार. गोठा मोडला, तिथे काकांच्या बिल्डिंगचं पार्किंग आहे. ते वचन कावळ्याने स्वीकारलं नव्हतं, म्हणून चालतं. तुझं मात्र पाळायचं. आई ते व्रतासारखं पाळते.

डॉक्टरबाई इतकं शिकून, माझ्या छातीच्या आत डोकावून, अण्णांबद्दल विचारल्यावर म्हणतात, "असू शकेल. आता खात्रीने सांगता येणार नाही." मी खोदून विचारलं, भांडणामुळे गेले का? तर म्हणाल्या, "धमनी इतकी कमजोर असेल तर भांडण नसतं तरी पाण्याचा हंडा उचलतानाही झालं असतं." एवढी सावध बाई. आणि आपल्याकडे एका कावळ्याच्या भरवशावर घरातला मुलगा हाकलला.

इको केलास का?

ताई


हडपसर, १४ सप्टेंबर २०२५

जयसिंग,

काल कल्याणीचा फोन आला. तुझ्या चोरून. दोन्ही पत्रं तू वाचलीस हे तिने सांगितलं, आणि त्यावर तू काय म्हणालास तेही.

पळताना तुझ्या छातीत भरून येतं. सहा महिने येतंय. तू थांबतोस, दुकानाच्या पायरीवर बसतोस आणि परत पळतोस. ती तपासायला चल म्हणाली तर तू म्हणालास, "अण्णा माझ्यामुळे गेले, मला तसंच आलं तर फिटलं."

लाज वाटते का? घरात बायको आहे, नऊ वर्षांची चैताली आहे, आणि हा माणूस सकाळी सकाळी प्रायश्चित्त पळायला जातो. अण्णांना काय वाटेल याची तुला इतकी काळजी, तर कल्याणीला पांढऱ्या कपाळाची बघून त्यांना काय वाटेल याचा विचार केलास? तू काकांपेक्षा वेगळा नाहीस. त्यांनी कावळ्याचं ऐकलं, तूही त्या कावळ्याचंच ऐकतोयस, नाशिकला बसून.

मला रोज छातीत काहीतरी होतं. ढेकर आला तरी मी थांबून विचार करते, ही कोणती कळ? जिना चढताना की बसल्या बसल्या? पाठीत जाते का? वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते, मुलांना वाटतं बाई शब्द आठवताहेत. मला भीती वाटते, जयसिंग. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की सगळे चेहरे पाडून बसतात आणि चहा मलाच करावा लागतो. पण मी गोळ्या घेते, तपासायला जाते. तुझ्या अंगात काय जास्त शौर्य आहे?

आईचा इको केला. त्याचीही कथा झाली. आधी "मला काय धाड भरलीय" म्हणाली. मग मी तिला समजावलं की हे तुझ्याकडून आलंय की अण्णांकडून, ते बघायचंय. तेव्हा ती निघाली. दवाखान्यात आत जाताना माझा हात धरून म्हणाली, "माझ्यातच निघू दे गं."

तिच्यात काही निघालं नाही. तीन पाकळ्या, स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "अगदी तंदुरुस्त आजी." असं ऐकून कोणी रडतं का? ती रडली. रिक्षात मी विचारलं, अण्णांना कधी काही दुखायचं का? तर म्हणाली, "काय न्हाई. वाघ व्हता माणूस."

घरी आलो तर पितृपक्ष म्हणून काका गच्चीवर पान ठेवायला आलेले. मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला. ते म्हणाले, "मशीनला काय कळतंय? ज्याला जायाचंय तो जातो." मी म्हटलं, मग जयसिंगने काय केलं? ज्याला जायचं होतं तो गेला की. त्यावर ते पान घेऊन वर गेले.

तू स्वतःसाठी करणार नाहीस, मला दिसतंय. तर मग चैतालीचा इको कर. तुझ्यात असेल तर तिच्यातही असू शकतं. पोरीला तरी आपल्या घराण्याच्या मूर्खपणातून मोकळी ठेव.

ताई


हडपसर, ११ ऑक्टोबर २०२५

जयसिंग,

कल्याणीने सगळं कळवलं. चैतालीच्या झडपेत काही नाही. पोर सुटली. तिथल्या डॉक्टरांनी "आधी वडिलांचं बघू" म्हणून तुला झोपवलं, तेही बरं केलं. मुलीसमोर नाही म्हणता येईना, हो ना?

तुला दोनच पाकळ्या आहेत, आणि वरची धमनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगलीय. ऑपरेशन लवकर. हे वाचून मी शाळेच्या पायरीवर बसले. रागावायचं होतं, जमलं नाही. थोड्या वेळाने जमलं.

राग याचा, की तू पुण्यात ऑपरेशनला यायला तयार झालास आणि "ताईकडे किंवा घरी उतरणार नाही, राकेशकडे उतरू" असं कल्याणीकडून कळवलंस. माझ्या घराने तुझं काय केलंय? माझा उंबरा काकांच्या मालकीचा नाही. पण राकेशकडे उतर. हक्क त्याचाच आहे, त्याने दार कधी बंद केलं नव्हतं.

आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. पीठ संपलं तरी लाटणं फिरत होतं. मग म्हणाली, "मी अण्णाला शब्द दिलाय." मी म्हटलं, तू नाही दिलास, काकांनी दिला. "मी गप ऱ्हायले म्हंजी दिल्यावानीच." मी म्हटलं, शब्द त्याला घरात न घेण्याचा आहे ना? तू दवाखान्यात यायला कोणी बंदी केलीय? तिने लाटणं खाली ठेवलं.

"आसं चालतंय?" मला विचारते. इतकी वर्षं. नाशिकची बस हडपसरवरून सुटत नाही एवढीच काय ती अडचण होती. मी इतकी चिडले की छातीत खरंच दुखायला लागलं आणि तिलाच मला पाणी द्यावं लागलं.

येईल की नाही, देव जाणे.

ताई


पुणे, रुग्णालयातून, ६ नोव्हेंबर २०२५

जयू,

तुला स्कॅनला नेलंय म्हणून हे लिहितेय. कल्याणी तुझ्याबरोबर खाली गेलीय. परत आलास की हे तिच्याकडून घेऊन वाच. उद्या सकाळी तुला आत नेतील, त्याआधी वाचायला हवं. तोंडाने सांगायला गेले तर मी आरडाओरडा करीन आणि ही नर्स आधीच माझ्यावर डूख धरून आहे.

आई आलीय. एकटीच आली, रिक्षाने. काकांना न सांगता. तू खाली गेलास आणि पाच मिनिटांत ती वर आली. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घ्यायला आले. रुग्णाचं वय, काही ॲलर्जी, आधीची आजारपणं. मी उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "पेशंटचे वडील?"

"वारले," मी म्हटलं.

"कशाने?"

मी तोंड उघडणार होते. तीन महिन्यांपासून तेच भाषण तयार आहे माझं. आईने माझ्या दंडावर हात ठेवला.

"त्यांच्या पाठीत कळ यायची," ती म्हणाली. "छातीतनं मागं जायाची. दिवाळीपास्नं. मी रोज वीट तापवून शेकायचे. मी म्हणायचे, वारा धरलाय."

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस?

"गेले त्या दिवसापतुर. त्या सकाळीबी शेकलं व्हतं. भांडाण तर दुपारी झालं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांच्या दृष्टीने ती एक ओळ होती. ते पुढच्या पलंगाकडे गेले. मी आईकडे बघत राहिले. मी तिला किती वेळा विचारलं होतं. वाघ होता म्हणे.

मी तिला बाहेर बाकावर नेलं आणि विचारलं, का नाही सांगितलंस? मी हळू बोलले नाही. लोक बघत होते. ती म्हणाली, अण्णांनी शपथ घातली होती, पोरांना सांगायचं नाही, लग्नाचा विषय निघालाय, आजारी बाप म्हणून दया दाखवतील. मी म्हटलं, ते जिवंत असताना ठीक. नंतर?

तिने पदराचं टोक पिळलं. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्याच्याने त्यात काही सुधारणा होत नाही.

"दहाव्याला मला भ्या वाटत व्हतं. वाटायचं, आता कोणतरी म्हणल, हिला म्हाईत व्हतं, हिनं डाक्टर केला न्हाई. कावळा मलाच अडलाय. मग विक्रमभावजी तुझ्या भावाचं नाव बोललं आन् कावळा शिवला. तवा मला बरं वाटलं, शेफाली. माझ्यावर न्हाई आलं, म्हून बरं वाटलं. ते आजतागायत मला गिळंना."

माझ्याकडे काका आहेत, गाव आहे, कावळा आहे, सगळ्यांना पुरेल इतका राग आहे. हिच्यासाठी तो कुठून आणू ते कळेना, आणि आणला नाही तर तुझ्याशी बेइमानी होते. म्हणून मी तिला क्षमा वगैरे काही केलेली नाही. तो माझा प्रांत नाही. तिला चहा आणून दिला, तो तिने गार करून टाकला.

हे तुला आजच का सांगायचं, असं कल्याणीनेही विचारलं. ऑपरेशननंतर सांगा म्हणाली. पण तू उद्या त्या टेबलावर "फिटलं" म्हणत झोपलेलं मला चालणार नाही. तुझ्याकडून काहीही फिटायचं नव्हतं. अण्णा सकाळपासून, दिवाळीपासून, जन्मापासून जात होते. तू फक्त दुपारी त्यांच्यासमोर उभा होतास. तेवढं डोक्यात घेऊन आत जा.

आई अजून बाहेर बाकावर आहे. दाराच्या आत आलेली नाही. मी म्हटलं, ये, खुर्ची आहे. तर म्हणाली, "त्यानं बोलावलं तर."

भेटायची वेळ सातपर्यंत आहे. ती साडेसातपर्यंतही बसेल, मला माहीत आहे. तू मोठा आहेस, तुझं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. नर्सला फक्त सांग, त्या बाईंना आत सोडायचं की घरी पाठवायचं.

ताई